हलव्याचा काटा

जत सोडून पूर्वेला लागलं की माळ सुरू होतो, आणि तो संपायचं नाव घेत नाही. त्या माळाला पिढ्यानपिढ्या माणसांनी शिव्याच घातल्या. पाऊस नाही, झाड नाही, वाऱ्यात ओल म्हणून नाही. पण दैवाचा खेळ बघा, ज्या कोरडेपणापायी तिथली पोरं गाव सोडून गेली, त्याच कोरडेपणापायी काचघर तिथे आलं. काचेतल्या माणसांना ओल चालत नाही.

कागदोपत्री त्याचं नाव 'निवांत'. काचघर हे लोकांनी पाडलेलं. ज्यांच्या दुखण्यावर आज औषध नाही पण उद्या निघेल, अशी माणसं तिथे ठेवलेली. ती मेलेली नव्हेत आणि बर्फात गोठवलेलीही नव्हेत. ज्वारीचं बी कणगीत पडून राहतं आणि ओल लागली की उगवतं. ते इतके दिवस जगतं कसं, तर त्याच्यातला रस सुकता सुकता साखरेची काच होऊन बसतो आणि आतलं सगळं जिथल्या तिथे थांबतं. हीच युक्ती शास्त्रज्ञांनी माणसाला लावली. शरीरातलं बरंचसं पाणी काढायचं, त्या जागी साखरेचं एक मिश्रण भरायचं आणि ते निवू द्यायचं. माणूस त्यात थांबतो. परत आणायचं तर कोमट, दमट हवेत हळूहळू मुरू द्यायचं. तिथली माणसं त्याला सरळ 'भिजत घालणं' म्हणत, जशी मटकी घालतात तसं.

शर्वरी तगारे दर संक्रांतीला सांगलीहून तिथे यायची. काळी साडी, डब्यात तिळगूळ, आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली हलव्याची इवलीशी बांगडी. तिची यमू तिथे होती. आजीच्या काळातली नावं तेव्हा पुन्हा रुळली होती, म्हणून यमुना, घरात यमू. मज्जातंतू झिजवणारं दुखणं घेऊन आलेली, काचेत गेली तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली होती आणि यमू अजून तीनच वर्षांची होती.

या यमूचं बोरन्हाण राहून गेलं होतं. पहिल्या संक्रांतीला तिला ताप होता, दुसऱ्या वर्षी सुतक आलं, आणि तिसऱ्या वर्षी ती काचेत होती. लोक म्हणतील, त्यात काय एवढं. पण आईच्या मनाला अशी राहून गेलेली गोष्ट दाताच्या फटीत अडकलेल्या तिळासारखी छळते. बोरं उधळणं काही काचघरात चालणार नव्हतं. मग निदान हलव्याचा एक दागिना तरी लेकीच्या अंगावर चढावा, एवढंच शर्वरीनं ठरवलं. हलवा ती स्वतः करायची. मंद आचेवर परात, परातीत खसखस, वरून पाकाचा थेंब थेंब, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं, बोटं भाजेपर्यंत. मग दाण्याला काटा येतो. तिच्या हलव्याला असा टोकदार काटा यायचा की शेजारणी नमुन्याला मागून न्यायच्या.

भेटीच्या खोलीत झाकण उघडायचं, नातेवाइकांनी जाड हातमोजे घालून जवळ उभं राहायचं, हात लावायचा नाही, असा नियम होता. नियम सगळ्यांना माहीत होता आणि पाळत कुणी नव्हतं. रखवालदार गायकवाडमामा अशा वेळी खिडकीकडे तोंड करून माळावरची मेंढरं बघायचे. शर्वरी मोजा काढायची, बांगडी यमूच्या मनगटावर बांधायची आणि तिचा हात आपल्या तळव्याखाली घेऊन बोलत बसायची. निघताना बांगडी सोडून रुमालात घालायची. तिळगूळ मामांना द्यायची. दर वर्षी एक फोटोही काढायची.

त्या फोटोंत एक गोष्ट होती. पहिल्या फोटोत यमूच्या उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. पुढच्या फोटोंत ती केसभर सैल झाली, मग अंगठा सुटला, मग बोटं उलगडू लागली. यंदाच्या फोटोत पंजा जवळजवळ उघडा होता आणि कोपर थोडं उचललेलं. शर्वरीनं सगळे फोटो भराभर एकामागून एक सरकवून पाहिले, तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला आणि त्याच दमात रडूही आलं. लेक हात पुढे करत होती. मला उचल म्हणत होती.

तिनं ते निहारला, नवऱ्याला, दाखवलं. त्यानं फोनकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. निहार पहिल्या वर्षी एकदाच आला होता. यमूच्या हातावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, मग फाटकाबाहेर जाऊन ओकला. पुन्हा कधी गेला नाही.

"तिथे यमू नाही, शर्वरी," तो म्हणाला. "यमूच्या आकाराची खडीसाखर आहे. तू उगाच जीव पाखडत बसतेस."

त्यावर ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

होळी झाली आणि काचघरातून फोन आला. दोघांनीही यावं, म्हणाले. निहार गाडी चालवत होता. वाटेत तो एकच वाक्य बोलला, पंखा कमी करू का, एवढंच.

डॉक्टर शबनम मुजावर मिरजेच्या. काच कशी निवते आणि निवल्यावर आत काय चालतं, यात त्यांची हयात गेली होती. बोलणं साधं, आणि वाईट बातमी चहा मागवून गोड करायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी पडद्यावर यमूचं मनगट मोठं करून दाखवलं. मनगटाभोवती पांढरे, बारीक, टोकदार काटे उगवले होते, गोल, एका रेषेत.

शर्वरीला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. असा काटा तिनं स्वतःच्या बोटांनी किती वेळा पाडला होता.

"मी केलं हे," ती म्हणाली. "हलव्याची बांगडी बांधायचे मी तिला."

मुजावरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं, असं शर्वरीला वाटलं.

"तुम्ही यल्लम्माच्या जत्रेत कधी अडकलाय?" त्यांनी विचारलं. "चहूकडून माणसं. एक पाऊल टाकायचं तर शेजारच्या दहाबारा जणांना एकदम सरकावं लागतं. रांग कुणी लावलेली नसते, तरी कुणाला हलता येत नाही. काच म्हणजे अशी गर्दी. कण जागच्या जागी थरथरतात, पण शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यातून सुटत नाहीत. कधीतरी त्यातले काही मिळून एकदम सरकतात, आणि परत कोंडी."

"म्हणजे हलतात?" निहारनं विचारलं.

"हलतात. आमच्या गारव्यात एकेका सरकण्याला वर्षं लागतात. पण दोनतीन अंश ऊब दिली की तेच दहापट लवकर होतं. आणखी तेवढीच दिली की शंभरपट. आणि त्वचेजवळ तर फारच सैल असतं, कारण तिथे एका अंगाला शेजारीच नाही."

"आणि काटे?" शर्वरीनं विचारलं.

"पाक साखरतो तेव्हा काय होतं?"

"कडेला रवा धरतो. लिंबू पिळलं तर नाही धरत."

"आमच्या मिश्रणात लिंबाचं काम करायला दुसरी एक साखर असते. ती कणांना रांग धरू देत नाही. पण रांगेतला एखादा दाणा बाहेरूनच मिळाला, चुरा राहिला असेल बांगडीचा, आणि वरून हाताची ऊब, मग शेजारचे कण त्या दाण्याला बघून रांगेत लागतात. त्यांचे शेजारी त्यांना बघून. रांग लागली की पेशी फाटते. अजून कातडीतच आहे, पण आत सरकतंय. फार थंड करून थांबवायला गेलो तर तडे जातील."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. यमूला ताबडतोब भिजत घालावं लागणार होतं. काट्यांची जागा कोरून काढता येणार होती. पण दुखण्यावरचं औषध अजून चाचण्यांतच होतं. बाहेर आली की दुखणंही तिच्याबरोबर जागं होणार. काही महिने ती चालेल, बोलेल. त्यानंतर एक तर डोळ्यांदेखत झिजू द्यायची किंवा पुन्हा काचेत ठेवायची.

"पुन्हा ठेवता येतं?" शर्वरीनं विचारलं.

"येतं. एकदाच."

भिजत घालायला दोन दिवस लागले. खोलीत पावसाळ्यातल्या कपड्यांसारखा कुबट वास होता. तिसऱ्या दिवशी सकाळी यमूच्या पापण्या हलल्या. शर्वरी उशाशी होती, निहार दाराशी. काचेत अर्धे उघडेच राहिलेले डोळे यमूनं पूर्ण उघडले, आणि सगळ्यात आधी उजवा हात पांघरुणातून ओढून छातीशी घेतला.

"आई, टोचतंय," ती म्हणाली. आवाज वाळल्या पानासारखा होता. "काढ ना ती बांगडी. मी कधीची हात काढून घेतेय."

शर्वरी तिच्याकडे बघतच राहिली. ते फोटो, ती सुटत जाणारी मूठ, ते उचललेलं कोपर. लेक उचलून घे म्हणत नव्हती. लेक हात सोडवून घेत होती, इतकी वर्षं, आणि आई तिला घट्ट धरून फोटो काढत होती. शर्वरीला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

यमूनं तिच्या गालाला बोट लावून पाहिलं.

"तू झालीस का म्हातारी होऊन?"

"मी कधी म्हातारी झाले गं?"

"आत्ताच की. तू इथंच बसली होतीस. भराभर बोलत होतीस, मला काही कळत नव्हतं. आणि तुझे केस पांढरे व्हायला लागले. तुझ्या तोंडावर रेघा आल्या. मी म्हटलं, आई थांब. तू थांबलीच नाहीस."

मुजावरबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या.

"मी जात होते बाळा घरी. वर्षातून एकदाच यायचे."

"नाही," यमू म्हणाली, मोठ्यांची चूक पोरं ज्या खात्रीनं काढतात तशी. "तू गेलीच नाहीस. बाबा गेला. बाबा एकदाच आला, आणि गेला." मग तिनं दाराकडे पाहिलं. "ते काका कोण आहेत?"

निहार बाहेर गेला. गायकवाडमामांनी त्याला पाणी दिलं.

मुजावरबाईंनी नंतर जे सांगितलं ते त्यांनी स्वतःशी चार वेळा पडताळून पाहिलं असावं, कारण त्या फार सावकाश बोलत होत्या. काचेतलं कणांचं सरकणं म्हणजे आंधळी धडपड, त्यात जाण नाही, असं सगळे धरून चालले होते. पण मेंदूतली काच कोऱ्या काचेसारखी नसते. तिथे वाटा मळलेल्या असतात, आणि सरकणारे कण त्या वाटांनीच सरकतात. झाकण बंद असताना तो गारवा इतका, की वर्षाचं वर्ष शून्यात जमा. झाकण उघडलं, हाताची ऊब लागली, की तेवढ्यापुरता आतला काळ चालू. यमूच्या हिशेबी आईच्या सगळ्या भेटी एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. मधली वर्षं नव्हतीच.

"मग ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, त्यांचं काय?" शर्वरीनं विचारलं.

"त्यांना काहीच झालेलं नाही. डोळा मिटला आणि उघडला, बस. भेटायला येणाऱ्यांनीच आपापल्या माणसाला जागं ठेवलंय." बाईंनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. आत रांगेनं झाकणं होती. "मी अहवाल वर पाठवते."

अहवाल वर गेला, आणि वरच राहिला. भेटी बंद केल्या तर नातेवाईक बिथरतील, अशी वरच्यांना काळजी. मुजावरबाईंनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तसंच झालं.

यमू सांगलीला आली. बोरांचा हंगाम सरला होता, तर शर्वरीनं तासगावची द्राक्षं आणली, चुरमुरे आणले, आणि भर उन्हाळ्यात बोरन्हाण घातलं. शेजारची पोरं द्राक्षांवर तुटून पडली. यमू पाटावर हलली नाही. एक द्राक्ष तिच्या डोक्यावरून मांडीवर पडलं आणि लादीवर घरंगळत गेलं, ते थांबेपर्यंत ती टक लावून बघत राहिली. हलव्याचा दागिना या खेपेला नव्हता. शर्वरीनं घरातली परातसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली होती.

पोर तशी गोड होती. वरणभात मागायची, उशीला भाऊ म्हणायची. पण कधी कधी बोलता बोलता थांबायची आणि पापणी न हलवता बसायची, भिंतीवरची पाल बसावी तशी. हाक मारली तरी नाही. हात धरला की मग, "हां," म्हणून पुढचा शब्द उच्चारायची. शर्वरी पाणी आणायला उठली तरी तिला चालायचं नाही.

"हलू नकोस. हललीस की परत म्हातारी होशील."

"अगं, मी उठून लगेच येते."

"तू तसंच म्हणतेस."

शर्वरी बसायची. मांडीला मुंग्या येईपर्यंत बसायची. मनात मात्र येत राहायचं की आपण हिच्यावर माया केली म्हणजे नेमकं काय केलं.

पावसाळा सरताना यमूच्या हातातून चमचा पडायला लागला. मग तिला जिना चढवेना. मुजावरबाईंनी सांगितलं की आता उशीर करू नका. यमूला समजावून सांगितलं, तर तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू पण चल ना. आत कुणी म्हातारं होत नाही. बाहेरचेच होतात."

यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. शिवाय आता तशी सोय होती. लहान मुलाबरोबर एका पालकाला काचेत राहता येईल, असा नियम दोन वर्षांपूर्वीच झाला होता. शर्वरीनं त्यावर एक दिवसही विचार केला नाही. विचार तिला निहारचा करावा लागला.

दुपारची जेवणं झाली होती. ती भांडी घासत होती, तो पुसत होता.

"मी काय करायचं?" त्यानं विचारलं.

"बाहेर राहायचं. औषध आलं की आम्हाला उठवायला कुणीतरी हवं."

"आणि तोवर?"

"यायचं नाही, निहार. एकदाही नाही. झाकण उघडलं, हात लागला, की तिचा काळ सुरू होतो. कुणी आलं नाही तर तिला कळणारसुद्धा नाही. मला वचन दे."

तो ताट पुसत राहिला. "न येणं मला चांगलं जमतं," तो म्हणाला. "आजवर तेच तर केलंय."

शर्वरी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ओल्या हातानेच तिनं त्याचा दंड धरला.

"ती म्हणाली, बाबा एकदाच आला," निहार म्हणाला. "हे तिच्या डोक्यात राहणार का कायमचं?"

"राहील. पण तू आला नाहीस तेच तिच्या भल्याचं होतं. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं."

"भल्याचं," तो म्हणाला. ताट केव्हाच कोरडं झालं होतं, तरी त्यानं ते आणखी एकदा पुसलं. मग म्हणाला, "दिलं वचन."

काचघरात मायलेकींना एकाच पलंगावर ठेवलं. यमूच्या मनगटावर कोरल्याचा गुळगुळीत व्रण होता. शर्वरीनं तो हात धरला नाही, दुसरा धरला. साखरेचं मिश्रण चढू लागलं तशी जीभ आधी गोड झाली, मग जड झाली.

"आई, आता हलू नकोस हं," यमू म्हणाली.

"नाही हलणार."

निहार भिंतीशी उभा होता, दोन्ही हात खिशात घालून. हात खिशात ठेवलेत हे तिला दिसावं म्हणून उभा असल्यासारखा. शर्वरीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला फार बरं वाटलं. सगळं व्यवस्थित झालं होतं. झाकण खाली आलं.

आणि लगेच वर गेलं.

निहार तिच्यावर वाकला होता. त्याचा तळवा दोघींच्या गुंफलेल्या हातांवर होता, गरम, घामेजलेला. तो रडत होता. शर्वरीला वाटलं, काही चुकलं असेल, पुन्हा करायचं असेल. मग तिला दिसलं की त्याच्या अंगातला शर्ट निळा होता तो पांढरा झाला, आणि पांढऱ्याचा चौकटीचा झाला, आणि निहार जागचा हललासुद्धा नव्हता. त्याचे ओठ इतक्या भराभर हलत होते की नुसती गुणगुण ऐकू येत होती, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ येते तशी. त्याच्या कानांवरचे केस करडे झाले. नाकावर चष्मा आला. गाल आत गेले. तळवा तेवढा तिथेच होता.

तेव्हा शर्वरीला कळलं. वचन त्यानं मोडलं होतं, एकदा नव्हे, दर वर्षी. ज्याला अकरा वर्षं येववलं नाही तो आता न चुकता येत होता. खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. आपलं माणूस आपल्यासाठी आलंय, हे कुणाला नको असतं.

मग तिच्या हातातली यमूची बोटं वळवळली. मुंगी चालावी इतकी सावकाश ती तिच्या हातातून सुटत होती, बापाच्या तळव्याकडे. यमूही बघत होती. बाबा म्हातारा होताना बघत होती. आणि शर्वरीच्या काळजाचं पाणी झालं. त्याला सांगायला हवं होतं. नको येऊस. हात काढ. तिनं सगळा जीव एकवटला आणि 'नको' म्हणायला तोंड उघडायला घेतलं.

ते अजून उघडतंच आहे.

औषध दर वर्षी पुढच्या वर्षी येणार असतं. मुजावरबाई निवृत्त होऊन मिरजेला गेल्या, गायकवाडमामांच्या जागी दुसरा रखवालदार आलाय, तोही भेटीच्या वेळी खिडकीबाहेर बघतो. निहार तगारे दर संक्रांतीला काठी टेकत येतात, मोजा काढतात आणि निघताना एक फोटो काढतात. मग फाटकाशी थांबून रखवालदाराला तिळगूळ देतात आणि सगळे फोटो ओळीनं दाखवतात.

"हे बघ," ते म्हणतात, "ओठ बघ तिचे. दर वर्षी थोडे थोडे उघडतायत. मला बघून हसायला लागलीय."